मानेच्या मज्जारज्जूतील गाठ : शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८८७ साली लंडनमध्ये झाली. निदान विल्यम गॉवर्स यांचे, शस्त्रक्रिया व्हिक्टर हॉर्सली यांची. पण ती गाठ रज्जूच्या बाहेर होती. रज्जूच्या आत वाढणाऱ्या गाठीचे दुखणे निराळेच. मानेत सर्वांत रुंद जागीही रज्जू दीड सेंटीमीटरच्या आतच भरतो आणि हातापायांच्या हालचालीपासून श्वासपटलापर्यंतचे संदेश त्यातूनच जातात.

१९०७ मध्ये व्हिएन्नात आइझेल्सबर्ग यांनी अशी आतली गाठ काढली. तरी खरी वाट दाखवली ती न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी, १९११ मध्ये. गाठ ओढली की भोवतालचे तंतू चिरडतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते रज्जूला मागून उभा छेद देत, आवरण उघडेच ठेवत आणि वरचे स्नायू व त्वचा शिवून टाकत. आतल्या दाबाने गाठ हळूहळू स्वतःच बाहेर सरके. साधारण आठवड्याने जखम पुन्हा उघडून ती सोडवून घेत. त्या काळच्या हत्यारांनिशी इतका संयम दाखवणे ही फार मोठी गोष्ट होती.

नंतरची कित्येक दशके मात्र बहुतेक ठिकाणी तुकडा तपासणीला घ्यायचा, आवरण सैल करायचे आणि किरणोपचार द्यायचे, एवढ्यावरच भागवले जाई. ह्यूस्टनच्या जेम्स ग्रीनवूड यांनी रक्तस्राव थांबवायला दोन टोकांचा चिमटा वापरला. त्यात वीज दोन टोकांमध्येच वाहते, रज्जूत पसरत नाही. १९५४ मध्ये त्यांनी अशा गाठी पूर्ण काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे सूक्ष्मदर्शक आला, ऐंशीच्या दशकात एमआरआय आला. फ्रेड एपस्टाइन यांनी मुलांमधल्या गाठींसाठी अल्ट्रासोनिक अ‍ॅस्पिरेटर (ध्वनिकंपनांनी गाठ फोडून शोषणारे यंत्र) वापरला. गाठ आतून पोखरून शोषून घेता येऊ लागली आणि ओढाताण कमी झाली.

आजही सगळे रज्जूच्या मागच्या मध्यरेषेवर अवलंबून आहे, कारण छेद तिथेच द्यायचा असतो. गाठीमुळे रज्जू फुगतो, पिळवटतो आणि मध्यरेषा सरकते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मागच्या चेतांची मुळे रज्जूत जिथे शिरतात, त्यांच्या मधोमध ती शोधावी लागते. छेद बाजूला गेला, तर ताकद शाबूत राहूनही पाय कुठे पडतोय ते रुग्णाला कळत नाही.

एपेन्डायमोमा म्हणजे रज्जूच्या मधल्या नळीच्या अस्तरातून वाढणारी गाठ; तिच्याभोवती सहसा सुटी कड मिळते. मात्र तिचे रक्त समोरच्या धमनीच्या फांद्यांतून येते. शेवटी घाईने ओढले, तर ती धमनी दुखावून लकवा येऊ शकतो. हिमँजिओब्लास्टोमा ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ; ती कापून आत शिरायचेच नाही : आधी रक्त आणणाऱ्या धमन्या बंद करायच्या, मुख्य शीर सर्वांत शेवटी. अ‍ॅस्ट्रोसायटोमाला, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीला, बहुधा कडच नसते. तिथे कुठे थांबायचे हे ओळखणे हेच कौशल्य.

त्यासाठी शस्त्रक्रियाभर डोक्यावरून विद्युत उद्दीपन देऊन रज्जूतील डी-लहर, म्हणजे हालचालीच्या तंतूंतून उतरणारा विद्युत संदेश, मोजतात. तिची उंची निम्म्याहून खाली आली, तर हात थांबवायचा, कोमट सलाइन सोडायचे, रक्तदाब वाढवायचा. लहर सावरली तरच पुढे जायचे.