परदेशातला धंदा आणि हेडऑफिसचा फोन: थोडी पार्श्वभूमी

परदेशात धंदा करणाऱ्या कंपन्यांचा विषय निघाला की लोक लगेच जाहिराती, चव, पॅकिंग यावर येतात. मला विचाराल तर मुद्दा पहिल्यापासून एकच आहे, तिथला निर्णय घ्यायचा कुणी, हेडऑफिसनं की तिथं बसलेल्या माणसानं?

१६०२ साली सुरू झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीपुढे तर पर्यायच नव्हता. पत्र जहाजानं बटाव्हियाला (आजचं जकार्ता, कंपनीचं आशियातलं मुख्य ठाणं) पोचून त्याचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं जायची, तोवर भाव कुठल्या कुठे गेलेले असायचे, म्हणून तिथल्या गव्हर्नर जनरलला बरेचसे अधिकार देऊनच टाकावे लागले. पुढे तार आली, टेलिफोन आला, विमानं आली आणि हेडऑफिसला वाटायला लागलं की आता इथूनच सगळं चालवता येईल. तरी जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीनं १९२५ मधे इंग्लंडची व्हॉक्सहॉल आणि १९२९ मधे जर्मनीची ओपेल या मोटार कंपन्या घेतल्या तेव्हा ती नावं तशीच ठेवली, गाड्याही तिथेच बनवल्या, आणि नंतर देशोदेशी आयातशुल्क वाढलं तेव्हा ते कामालाच आलं.

१९८३ मधे हार्वर्डच्या थिओडोर लेव्हिट यांनी मांडलं की जगभरच्या गरजा सारख्या होत चालल्यात, तर एकच वस्तू सगळीकडे स्वस्तात विका. हे म्हणणं खूप गाजलं. मला ते अर्धंच पटतं, कारण पुढे चीनमधे काय झालं बघा.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकन कंपनीनं २००३ मधे तिथली ईचनेट ही तशीच साइट पूर्ण विकत घेतली, पुढच्या वर्षी ती कंपनीच्या जागतिक प्लॅटफॉर्मवर हलवली, साइट स्लो झाली, आणि बारीकसा बदल करायचा तरी अमेरिकेतून होकार लागायचा. त्याच काळात आलेल्या ताओबाओ या चिनी साइटनं विक्रेत्यांकडून फीच घेतली नाही, घेणारा-विकणारा थेट चॅट करू शकत होते, शिवाय माल हातात येईपर्यंत पैसे अलीपे या त्यांच्याच पेमेंट सेवेकडे अडकवून ठेवलेले. अनोळखी माणसाकडून वस्तू घेताना लोकांना भीती वाटते हे त्यांनी बरोब्बर ओळखलं होतं. २००६ संपेपर्यंत ईबेनं तिथला कारभार टॉम ऑनलाइन या चिनी इंटरनेट कंपनीबरोबरच्या भागीदारीकडे सोपवला.

केएफसी बीजिंगमधे १९८७ लाच पोचली होती, पण तिथला कारभार सॅम सू यांच्यासारख्या चिनी भाषा आणि बाजार कळणाऱ्या लोकांच्या हातात राहिला. त्यांनी मेनूत तांदळाची पेज आणली, २००८ मधे योउत्याओ हा नाश्त्याचा तळलेला पदार्थही, आणि छोट्या शहरांमधे दुकानं काढत गेले. शेवटी २०१६ मधे केएफसीची मालक असलेल्या यम या अमेरिकन कंपनीतून चीनचा सगळा धंदाच वेगळा काढून यम चायना ही स्वतंत्र कंपनी झाली, ब्रँडचा परवाना तेवढा जुन्या कंपनीचा, त्याची रॉयल्टी दरवर्षी तिकडे जाते.