लेहमध्ये मेंदूचं रक्त कमी होतं? उलट वाढतं!

मे महिना आला की ठाण्यातल्या लेह-लडाख ग्रुपांवर तेच वाक्य फिरतं: ‘उंचीवर मेंदूला रक्त कमी मिळतं, म्हणून डोकं दुखतं.’ हे उलटं आहे.

लेह साधारण ३५०० मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. हवेचा दाब मात्र ठाण्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. रक्तातला ऑक्सिजन घटला की मेंदूच्या धमन्या रुंदावतात आणि पहिल्या काही दिवसांत रक्तप्रवाह वाढतो. त्याच वेळी श्वास जलद होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याने धमन्या आकसतात. या रस्सीखेचीत सुरुवातीला ऑक्सिजनची टंचाई जिंकते. पुढे श्वसन सुधारतं, हिमोग्लोबिन वाढतं आणि एक ते तीन आठवड्यांत प्रवाह जवळपास पूर्ववत होतो.

उंचीवर कायम राहणाऱ्यांचं गणित निराळं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात अनेकांचं रक्त दाट होतं, त्यामुळे प्रवाह मंदावतो. पण दर थेंबात ऑक्सिजन जास्त असल्याने पुरवठा बराचसा टिकतो. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन तुलनेने कमीच राहतं.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या चढणीने दमसास वाढेल, उंचीची सवय होणार नाही. (कापूर हुंगूनही नाही.) लेहला विमानाने उतरल्यावर दोन दिवस आराम, ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगून. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवा.