मिठाला पाणी सुटायच्या आधी: पावसाळ्यासाठी आउटबोर्ड इंजिन कसं ठेवावं

जून लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मग आपण बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतो, झाकण घट्ट लावतो. किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनातही, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवतात त्या इंजिनातही, हेच मीठ बसलेलं असतं आणि त्यालाही तसंच पाणी सुटतं. तिथे मात्र ते पाणी ॲल्युमिनियम खातं, बेअरिंगला गंज चढवतं आणि ऑगस्टमध्ये दोरी ओढली की इंजिन जाम असल्याचं कळतं.

आउटबोर्डच्या माहितीपुस्तकात या कामाचं प्रकरण बहुधा हिवाळ्याच्या नावानं असतं. थंड देशांत इंजिनात राहिलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि गिअरचं कवच तडकवतं. मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमानसुद्धा ७.४ अंश आहे, १९६२ च्या जानेवारीतलं. त्यामुळे गोठण्याची भीती इथे नाहीच. इथली विश्रांती आहे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांची, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट काळाची.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्री क्षारात असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. जुलैत मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे इंजिनात राहिलेला मिठाचा थर पूर्ण पावसाळाभर सुकतच नाही, खारं पाणी होऊन चिकटून राहतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ संरक्षक आवरण असतं. क्लोराइड ते जागोजागी फोडतं आणि खाली खड्डे पाडतं. वरून दिसते ती फक्त पांढरी भुकटी. इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, आहे ना, मग काळजी कशाला, असा एक समज आहे. ॲनोड काम करतो ते पाण्यात बुडालेला असताना. होडी वर ओढली की त्याचं राखण संपतं, आणि इंजिनावरच्या टोपीखालच्या भागाचं तर त्यानं कधी केलेलंच नसतं.

म्हणून पहिलं आणि सर्वांत मोलाचं काम म्हणजे गोड्या पाण्यानं आतून धुणं. २०० लिटरचं पिंप वरून कापून घ्यावं, पंखा काढावा आणि इंजिन त्यात उभं करावं. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर यायला हवं. गिअर न्यूट्रलला ठेवून अगदी सावकाश चालवावं. पाच मिनिटांत पिंपातलंच पाणी खारट होतं. ते ओतून द्यावं, नवीन भरावं आणि आणखी दहा मिनिटं चालवावं. एवढा वेळ कशासाठी? ज्या इंजिनाला थर्मोस्टॅट आहे, त्याची झडप साधारण ५० ते ६० अंशांना उघडते. इंजिन गरम होईपर्यंत गोडं पाणी सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटांत पोहोचतच नाही. दोन मिनिटांत उरकलेली धुलाई म्हणजे नुसते पाय धुण्यासारखं आहे. मागच्या भोकातून पाण्याची धार सतत पडते आहे ना, ते पाहत राहावं. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करावं. पाण्याशिवाय तर एक क्षणही चालवू नये: पंपातल्या रबरी इम्पेलरला पाणी हेच वंगण असतं, कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याच्या पाती जळतात.

धुवून होत आलं की इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी काढावी. आता कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंतच ते चालणार. ते अडखळू लागलं की कार्ब्युरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइलचा, म्हणजे आतल्या भागांवर गंजरोधक थर धरणाऱ्या ऑइलचा, फवारा द्यावा. दाट पांढरा धूर येईल आणि इंजिन बंद पडेल. एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर असतील तर प्रत्येकात फवारावं. टू-स्ट्रोकमध्ये हा फवारा तोंडातूनच का द्यायचा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या क्रँककेसमध्ये वेगळं ऑइल साठलेलं नसतं. क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलच्या धुक्यातून. प्लगच्या भोकातून ओतलेलं ऑइल सिलिंडरची भिंत ओली करतं, पण बेअरिंगपर्यंत फारसं जात नाही. दोन्ही करावं: नंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, टू-स्ट्रोक ऑइल टाकावं, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात आणि दोरी सावकाश चार-पाचदा ओढावी. वायर मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढली तर इग्निशनचं युनिट खराब होऊ शकतं. फोर-स्ट्रोकचं जुनं इंजिन ऑइल मात्र ठेवण्याआधीच बदलावं, कारण त्यात जळणातून आलेली आम्लं आणि ओल असते. इंजेक्शनचं इंजिन असेल तर पेट्रोल संपेपर्यंत चालवू नये. त्याच्या दाबपंपाला पेट्रोलचंच वंगण लागतं, तिथे पुस्तकात दिलेली रीतच पाळावी.

वाटीत तळाला राहिलेले चार थेंब खालचा स्क्रू सैल करून काढून टाकावेत. दोन महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा थर राहतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक, ते बुजायला एवढं पुरतं. टाकीचं दुखणं आणखी वेगळं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी शिरलं आणि ते मर्यादेबाहेर गेलं, की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. नळीही तळातूनच ओढते. या तळाच्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइल जवळपास नसतंच, म्हणजे इंजिनाला जळणही नाही आणि वंगणही नाही. स्टॅबिलायझर टाकला तर पेट्रोल शिळं व्हायला वेळ लागतो, पण फुटलेलं पेट्रोल त्यानं सांधत नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मिश्रण बेतानंच करावं. ५० ला १ या प्रमाणात एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल लागतं. टाकी संपवून, पुसून, रिकामी ठेवावी. उरलेलं पेट्रोल घरात, जिन्याखाली ठेवू नये.

आता गिअरचं ऑइल. हे काम ऑगस्टवर ढकलण्याचा मोह फार असतो आणि नुकसानही इथेच सर्वांत महाग पडतं. इंजिन उभं ठेवून गिअरच्या कवचाचा खालचा स्क्रू आधी काढावा, मग वरचा. पहिल्या धारेकडे लक्ष द्यावं. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसलेलं असतं आणि सर्वांत आधी तेच येतं. ऑइल काळपट असेल तर ते फक्त जुनं झालं आहे. दुधाळ, चहात साय ढवळल्यासारखं असेल तर पाणी अडवणारं सील गेलं आहे. स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असणं साधारण आहे, पण बोटाला टोचणारा तुकडा हाती लागला तर गिअर उघडूनच पाहावा. सील जाण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे तंगूस. पंखा काढला की शाफ्टच्या मुळाशी पाहावं: जाळ्याचा तो पारदर्शक धागा इतका घट्ट गुंडाळलेला असतो की आधी तो शाफ्टचाच भाग वाटतो. नखानं सुटत नाही, ब्लेडनं कापावा लागतो, आणि तो सीलच्या ओठाखाली शिरलेला असेल तर सील बदलायलाच हवं.

नवं ऑइल, एसएई ९० दाटपणाचं हायपॉइड गिअर ऑइल, खालच्या भोकातून वर दाबत भरावं. वरून बुडबुडे न येता ऑइल वाहू लागलं की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि ऑइल कमी भरतं. ९.९ ते १५ अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण पाव लिटर लागतं, ४० च्या इंजिनाला ४०० मिलिलिटरच्या वर. स्क्रूखालचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. जुना वॉशर एकदा चेपलेला असतो, तो दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही.

बाकीची कामं तासाभराची. शाफ्टच्या खाचांना पाण्यानं न धुपणारं ग्रीस लावावं, इंजिन वळतं त्या सांध्याच्या निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. निम्मा झिजलेला ॲनोड बदलावा, त्यावर रंग कधीही लावू नये. टोपीखाली ओल्या फडक्यानं मीठ पुसून, वाळवून, गंजरोधक फवारा मारावा. बॅटरी असेल तर काढून पूर्ण चार्ज करावी आणि महिन्यानं पुन्हा करावी.

इंजिन उभंच ठेवावं, जाड फळीवर, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. आडवं टाकून पंख्याची बाजू उंच झाली, तर एक्झॉस्टमधलं उरलेलं पाणी सिलिंडरकडे उतरतं. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. रात्री हवा गार झाली की आत दव धरतं आणि सकाळी ते वाळायला वाट नसते. सुती चादर, वर छप्पर आणि खालून वारा, हे पुरेसं आहे. पाण्याच्या धारेच्या भोकात आणि टाकीच्या झाकणाच्या छिद्रात कुंभारमाशी मातीचं घर करते, तिथे कापडाचा लाल बोळा बसवावा. लाल अशासाठी, की काढायचा राहू नये.

दर दोन-तीन आठवड्यांनी दोरी एकदा सावकाश ओढावी. त्यानं ऑइलचा थर पुन्हा पसरतो आणि इम्पेलरच्या पाती एकाच बाजूला मुडपून बसत नाहीत. फ्लायव्हील हातानं उलटं मात्र फिरवू नये, पाती उलट्या वाकतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बोळे काढून इंजिन आधी पिंपातच चालू करावं. जुने प्लग ऑइलनं भिजलेले असतील, नवे घालावेत. पहिली काही मिनिटं पांढरा धूर येईल, तो फॉगिंगचा आहे. धार मिनिटभरात पडली नाही तर बंद करून इम्पेलर बदलावा. हा भाग दरवर्षी बदलला तरी चालेल इतका स्वस्त आहे, आणि तो बदलायची जागा किनारा आहे, वाळूच्या दांडीपलीकडचा समुद्र नव्हे.