परिचर्येतील कायदेशीर व नैतिक तत्त्वे

परिचर्येतील कायदेशीर व नैतिक तत्त्वे : रुग्णसेवा करताना परिचारिका व परिचारक यांच्यावर असणारी कायद्याची बंधने आणि या व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेले नीतिनियम. कायदा किमान मर्यादा आखतो आणि ती ओलांडली तर शिक्षा, भरपाई किंवा नोंदणी रद्द होण्यापर्यंत वेळ येते. नीतीची अपेक्षा त्याहून मोठी असते. मात्र परिचारिका आपल्या कृतीला स्वतः जबाबदार असते, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले’ एवढे म्हणून ती सुटू शकत नाही.

ही जाणीव हळूहळू आली. 1893 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘नाइटिंगेल शपथे’त डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. (ही शपथ स्वतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही.) आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1953 च्या पहिल्या नीतिसंहितेतही डॉक्टरांचे आदेश निष्ठेने पाळणे हे कर्तव्य मानले होते, अनैतिक उपचारात सहभागी होण्यास नकार द्यावा, असेही तिच्यात म्हटले होते. 1973 च्या संहितेने परिचारिकेची पहिली बांधिलकी सेवेची गरज असलेल्या माणसाशी जोडली. परिचर्येच्या नीतिविचारातले सर्वांत मोठे वळण हेच म्हणावे लागेल.

स्वायत्तता, हित साधणे, अपाय न करणे आणि न्याय ही चार तत्त्वे सर्वत्र शिकवली जातात. सत्यनिष्ठा, गोपनीयता व दिलेला शब्द पाळणे यांचीही त्यांना जोड दिली जाते. प्रत्यक्षात ही तत्त्वे एकमेकांच्या आड येतात. पडण्याचा धोका असलेला गोंधळलेला वृद्ध रुग्ण रात्री सारखा खाटेवरून उतरू लागला, तर त्याचे हात बांधल्याने तो कदाचित सुरक्षित राहील, पण त्याचे स्वातंत्र्य आणि सन्मान जातो. म्हणून बांधणे हा शेवटचा उपाय मानतात. त्याला रीतसर आदेश हवा, ठरावीक वेळाने त्वचा व रक्ताभिसरण तपासले पाहिजे आणि गरज संपताच बंध सोडले पाहिजेत. मनुष्यबळ कमी आहे म्हणून रुग्णाला बांधून ठेवणे अनेक देशांत बेकायदा ठरते.

स्वायत्ततेचा रोजचा प्रश्न संमतीचा. सुजाण प्रौढ व्यक्तीला आपल्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क आहे, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 1914 मध्येच स्पष्ट केले होते. कागदावरची सही हा संमतीचा केवळ पुरावा असतो. शस्त्रक्रियेतील धोके व पर्याय समजावणे हे ती करणाऱ्या डॉक्टरांचे काम. पण सही घेताना ‘नेमकं काय करणार आहेत?’ असे रुग्णानेच विचारले, तर परिचारिकेने कागद बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावले पाहिजे. शुद्धीत असलेला, निर्णयक्षम रुग्ण नको म्हणत असताना इंजेक्शन देणे हे चांगल्या हेतूने केले तरी कायद्याने अंगावर हात टाकण्यात (शारीरिक हल्ल्यात) मोडते. जिवावर बेतलेल्या प्रसंगी रुग्ण बोलू शकत नसेल, तर मात्र संमती गृहीत धरता येते.

निष्काळजीपणा सिद्ध होण्यासाठी सामान्यतः काळजी घेण्याचे कर्तव्य, त्यातील कसूर, झालेले नुकसान आणि या दोहोंमधील कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये निकाली काढलेला डार्लिंग खटला या बाबतीत अवश्य अभ्यासावा असा आहे. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या डार्लिंग या 18 वर्षांच्या विद्यार्थ्याला 1960 मध्ये प्लास्टर घातले गेले. त्याची बोटे सुजली, काळवंडली, पुढे थंड आणि बधिर पडली, वेदना थांबेनात. अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासले गेले नाही, आणि उपचार करणारे डॉक्टर हालचाल करत नाहीत असे दिसल्यावर रुग्णालयाच्या वरिष्ठांना कळवणे हे परिचारिकांचे कर्तव्य होते, असा निष्कर्ष पुराव्यावरून काढता येतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे निरीक्षण करून केसपेपरवर लिहून ठेवले की काम संपले, असे होत नाही. उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हाही परिचर्येचाच भाग आहे.

तरीही नोंदीचे मोल कमी होत नाही. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे समजण्याकडे न्यायालयांचा कल असतो. नोंद वेळेसह, जे दिसले तेच सांगणारी हवी. ‘रुग्ण ठीक’ यापेक्षा ‘बोटे उबदार, हलवतो, स्पर्श कळतो’ हे कितीतरी उपयोगी. चूक खोडायची तर ती वाचता येईल अशी एकच रेघ मारून सही करावी. उशिरा केलेली नोंद तशीच नमूद करावी.

गोपनीयतेचा भंग बहुतेकदा लिफ्टमधल्या किंवा मोबाइलवरच्या सहज गप्पांतून होतो. बालकावरील अत्याचाराचा संशय, कळवणे बंधनकारक असलेले संसर्गरोग व न्यायालयाचा आदेश हे तिचे सर्वसाधारण अपवाद.

योग्य काय ते कळते, पण व्यवस्था ते करू देत नाही, या कोंडीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये ‘नैतिक क्लेश’ हे नाव दिले. एका पाळीत झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपवले जाणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी वरिष्ठांना लेखी कळवावे. हँडओव्हर न देता, म्हणजे पुढच्या परिचारिकेकडे रुग्ण व त्यांची माहिती न सोपवता, निघून जाणे मात्र गैरवर्तन ठरते. 2022 मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात चुकीचे औषध देऊन मृत्यू घडल्याबद्दल एका माजी परिचारिकेला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवण्यात आले. अशा खटल्यांमुळे चुका कबूल करण्याची भीती वाढेल, असा परिचारिका संघटनांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: सारखी दिसणारी नावे, औषधाच्या कपाटातील त्रुटी, अपुरी तपासणी ही कारणे उघड झाली, तरच पुढच्या रुग्णाच्या बाबतीत ती टाळता येतात.