चप्पल पायातून निसटते तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा चर्चा झाली ती दूषित पाण्याची आणि व्हेंटिलेटरची. घरी परतलेल्या रुग्णाचे पुढचे महिने कसे जातात, हा विषय त्या मानाने मागे पडला.

या आजारात बहुधा पोटाच्या किंवा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाऊ लागते. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या आवरणातील काही रेणू मज्जातंतूंवरील रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात, की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंनाही शत्रू समजतात. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे, देऊन किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याच्या उपचाराने हा हल्ला लवकर आटोक्यात येतो, मात्र झालेली मोडतोड शरीराला स्वतःच दुरुस्त करावी लागते.

मज्जातंतूभोवतीचे मायलिनचे वेष्टणच तेवढे खराब झाले असेल, तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे चाळीसेक सेंटिमीटरचे अंतर कापायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि कधी तो तिथवर पोहोचतही नाही. मांड्यांत बळ आलेल्या माणसाची पावले मागे राहतात, ती यामुळेच. सहा महिन्यांनंतरही पाचातील साधारण एका रुग्णाला आधाराशिवाय चालता येत नाही.

घरात हे सारे फार साध्या गोष्टींतून कळते. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालत आलेल्या माणसाची एक चप्पल वाटेतच राहिलेली असते आणि ती निसटल्याचे त्याला कळलेलेही नसते, कारण तळव्याची जाणीव परतलेली नसते. पाऊल पुरेसे वर उचलले जात नसल्याने अंगठा उंबरठ्याला अडखळतो. म्हणून मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत, पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट लावावा, आंघोळीच्या पाण्याचा अंदाज पायाने न घेता घरातील दुसऱ्या कोणीतरी हात घालून घ्यावा. जमिनीवर मांडी घालून जेवण्याची सवय असलेल्यांना बसणे जमते, पण उठणे जमत नाही. तेव्हा काही काळ खुर्ची आणि कमोड पत्करलेले बरे.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो थकव्याबाबत. स्नायूंची ताकद तपासणीत जवळजवळ पूर्ववत दिसत असूनही बऱ्याच रुग्णांना महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, विलक्षण थकवा जाणवतो. सकाळी शर्टाची बटणे सहज लावणाऱ्या बोटांना संध्याकाळी तीच काढता येत नाहीत. ‘रिपोर्ट तर चांगला आलाय, आता जरा हिंडाफिरायला लागा,’ असे भेटायला येणारे सांगतात. हेतू चांगला असला, तरी सल्ला अर्धवट आहे. व्यायाम हवाच, परंतु त्याचा थकवा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर मात्रा जास्त झाली असे समजून फिजिओथेरपिस्टशी बोलून ती कमी करावी. रात्री तळव्यांची आग होते किंवा मुंग्या येतात, त्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळी औषधे असतात आणि ती डॉक्टरांकडून मागून घ्यायला संकोच करू नये.

सुधारणा कधी थबकते, आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नसते. मात्र परत आलेली ताकद पुन्हा कमी होऊ लागली, गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशक्तपणा आठ आठवड्यांनंतरही वाढतच राहिला, तर हा जीबीएस नसून त्याचा दीर्घकालीन भाऊबंद, सीआयडीपी, असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात. त्याचे उपचार बराच काळ चालू ठेवावे लागतात.