प्रथिनांसाठी बफर-निवड

शुद्ध केलेले प्रथिन ज्यात घडी न मोडता, गुठळ्या न होता टिकते आणि कामही करते, ते बफर, म्हणजे सामू (पीएच) स्थिर राखणारे द्रावण, शोधण्याची प्रयोगशाळेतली रीत. पेशीतून बाहेर काढलेले प्रथिन नाजूक असते. संध्याकाळी नितळ दिसणाऱ्या नळीत सकाळी पांढरट साका दिसला, की ‘प्रोटीन क्रॅश झालं’ असे म्हणतात.

थोडा अंदाज आधी बांधता येतो. अमिनो आम्लांच्या क्रमावरून समविद्युत बिंदू काढतात. त्या सामूला प्रथिनावरचा निव्वळ विद्युतभार शून्य होतो, रेणू एकमेकांना दूर लोटत नाहीत आणि विद्राव्यता सर्वांत कमी होते. म्हणून सामू त्यापासून निदान एका एककाने दूर ठेवतात. कोणते क्षार प्रथिनाला साक्यात ढकलतात याचा क्रम फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी प्रागमध्ये १८८८ साली अंड्याच्या पांढऱ्या बलकावर प्रयोग करून लावला. तो आजही वापरात आहे. एवढे सगळे माहीत असूनही नव्या प्रथिनाला नेमके काय मानवेल हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बफरचे स्वतःचेही नखरे असतात. ट्रिस या नेहमीच्या बफरचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ने बदलतो. त्यामुळे २५° से. ला ८.० असलेले द्रावण शीतकक्षात ४° से. ला ८.६च्या आसपास जाते. सामू टेबलावर जुळवायचा आणि काम थंडीत करायचे, ही नवशिक्यांची हमखास चूक. सोडियम फॉस्फेट गोठताना त्यातला एक क्षार आधी स्फटिकरूप होतो आणि सामू खाली कोसळतो. नॉर्मन गुड व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुचवलेली हेपेस, मेससारखी बफरे म्हणूनच लोकप्रिय झाली. बफरात घालायच्या पदार्थांपैकी ग्लिसरॉल बहुधा उपकारक ठरते. धातूचे आयन पकडून ठेवणारे ईडीटीए मात्र जस्तावर उभ्या असलेल्या प्रथिनाचा आधारच काढून घेऊ शकते. डीटीटी हे क्षपणक प्रथिनांना एकमेकांशी जोडणारे गंधक-बंध रोखते खरे, पण सामू ८.५ व २०° से. ला ते दीड तासात निम्मे संपते.

चाचणीची आजची प्रचलित पद्धत २००१च्या सुमारास औषधशोधातून आली. ९६ खळग्यांच्या थाळीत प्रत्येकी वीस-पंचवीस मायक्रोलिटर वेगवेगळी बफरे घेतात, त्यांत थोडे प्रथिन आणि सायप्रो ऑरेंज हा रंग घालतात. चमक मोजत तापमान बदलणाऱ्या रिअल-टाइम पीसीआर यंत्रात तापमान २५° वरून ९५° से. पर्यंत हळूहळू चढवले, की प्रथिन उलगडते, आतले जलविरोधी भाग उघडे पडतात आणि रंग त्यांना चिकटून चमकतो. चमक वाढण्याच्या चढणीचा मध्य म्हणजे वितळण-तापमान. ते जितके वर, तितके बफर बरे. डिटर्जंट असेल तर रंग सुरुवातीपासूनच चमकतो आणि आलेख वाचता येत नाही.

मात्र ६०° ला तग धरणे आणि ४° ला पंधरवडाभर टिकणे एकच नव्हे. म्हणून वरचढ ठरलेल्या दोन-तीन बफरांत प्रथिन प्रत्यक्ष ठेवून, काही दिवसांनी रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल-गाळणीच्या स्तंभावर त्याच्या गुठळ्या झाल्या का ते तपासतात.