झोपेची उंची

आंबिया बहाराचा संत्रा बगिच्यातून गेला की आमच्या आतेभावाच्या हाती पैसा असतो आणि थोडा वेळही. यंदा त्याने दोन्ही एकाच ठिकाणी खर्चायचं ठरवलं, ते म्हणजे एव्हरेस्टचा बेस कॅम्प. शिखरावर नाही, फक्त पायथ्याशी. तंबू नाही, रात्रीला लॉज, सोबत गाईड, सामानाला पोर्टर. बघता बघता आम्ही सहा जण झालो. तो आणि वहिनी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा, आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मी.

एका टूरवाल्याचं पत्रक त्याच्या मोबाईलवर आलं होतं. लुकलाला विमानानं उतरा, सहाव्या दिवशी बेस कॅम्प. दुसऱ्या एकाचं आठ दिवसांचं होतं आणि अर्थातच महाग. "दोन दिवस जास्तीचे काहून?" आतेभाऊ म्हणाला. "दिवसभर वावरात राबतो मी. मले काय होते? अन् हा पोट्टा तं सोळाशे मीटर पळते."

मी पत्रकातले किलोमीटर आणि चालायचे तास पेन्सिलीनं खोडले आणि प्रत्येक मुक्कामापुढे एकच आकडा लिहिला: रात्री डोकं कुठल्या उंचीवर टेकायचं. फाकडिंग २,६१० मीटर, नामचे बाजार ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरकशेप ५,१६४. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर असला तरी तिथं झोपायचं नसतं. दुपारी जाऊन गोरकशेपला परत यायचं. ट्रेक चालण्याचा असतो हे खरं, पण त्याचं वेळापत्रक झोपेचं असतं.

कारण हवेत आहे, म्हणून हवेपासूनच सुरुवात करतो. वर ऑक्सिजन "कमी टक्के" असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आमच्या परतवाड्याला हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आहे, गोरकशेपलाही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. डोक्यावरच्या हवेचा थर पातळ झाला की एका श्वासात मावणारे रेणूच कमी होतात. नामचेला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, गोरकशेपला निम्म्याहून जेमतेम जास्त. छातीचा भाता तेवढाच, पण प्रत्येक ओढीला माल निम्मा.

हे बघायला नेपाळला जायची गरज नाही. डिसेंबरात आम्ही सरावाला चिखलदऱ्याला गेलो तेव्हा मी लॅबमधला थर्मामीटर खिशात टाकला होता. परतवाड्याला पाणी ९९ अंशांच्या आतबाहेर उकळतं. वर चहाच्या टपरीवर त्याच थर्मामीटरचा पारा ९६ च्या आसपास थबकला. टपरीवाल्याला वाटलं मी अन्नभेसळवाला आहे. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशानं उतरतो, त्या हिशेबानं गोरकशेपला पाणी ८३ अंशांवरच खदखदायला लागेल. तिथं उघड्या पातेल्यात तुरीची डाळ चढवली तर इंधन संपेल, डाळ मात्र शिजणार नाही. म्हणून वरच्या प्रत्येक लॉजच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू येते.

आता शरीराकडे. मानेत दोन्ही बाजूंच्या रोहिणींपाशी तांदळाच्या दाण्याएवढे अवयव असतात, ते रक्तातला ऑक्सिजन चाखत बसलेले असतात. तो घटला की ते मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. हे काही मिनिटांत होतं. पण जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साईडही जास्त बाहेर जातो, त्यानं रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू लगेच ब्रेक मारतो की पुरे आता श्वास. एक पाय अॅक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. हा ब्रेक सोडवतात मूत्रपिंडं. ती बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्त पुन्हा ताळ्यावर येतं आणि श्वासाला मोकळीक मिळते. मूत्रपिंडांना या कामाला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. पत्रकातले ते "दोन जास्तीचे दिवस" मूत्रपिंडांचे आहेत, पायांचे नाहीत. डोंगरावर जाणारे ज्याला डायमॉक्स म्हणून ओळखतात ती अॅसिटाझोलामाईडची गोळी हेच काम लवकर करून देते. मात्र ती दुकानातून आपल्या मनानं घ्यायची गोळी नाही. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यानं तर आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आणि झोपेचीच उंची का? झोपेत श्वास उथळ होतो. उंचीवर तो चक्क हेलकावे खातो, म्हणजे काही श्वास भराभर, मग काही सेकंद पूर्ण थांबा, मग दचकून मोठा श्वास. शेजारच्या खाटेवर हे ऐकलं की आपलीच झोप उडते. रक्तातला ऑक्सिजन चोवीस तासांत सगळ्यात खाली जातो तो रात्री. म्हणून दिवसा उंच चढून या, काही बिघडत नाही, उलट बरंच. रात्री मात्र बेतानं. ३,००० मीटरच्या वर झोपेची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथंच वाढवावा, हा डॉक्टरांमधला आजचा सर्वमान्य नियम.

पत्रकाला तो लावून पाहू. फाकडिंग ते लोबुचे फरक २,३३० मीटर. स्वस्त टूरमध्ये हे अंतर चार टप्प्यांत, म्हणजे दर रात्री सरासरी ५८० च्या वर. नामचे आणि दिंगबोचेला एकेक रात्र वाढवली की सहा टप्पे होतात आणि सरासरी ३९० च्या आत येते. फाकडिंगहून नामचेला एका दिवसात ८३० मीटरची उडी मात्र उरतेच. म्हणूनच नामचेच्या दोन रात्री कुणी कापायला निघाला तर त्याच्याशी भांडावं.

तब्येत दणकट असली की चालतं, या समजुतीला उत्तर आपल्याच लष्करानं दिलं आहे. १९६२ च्या युद्धाच्या वेळी सपाटीवरचे जवान घाईघाईनं हिमालयात चढवले गेले. पुढे डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या आजारानं ग्रासलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. ते सगळे तरणेबांड होते. १९७५ मध्ये याच बेस कॅम्पच्या वाटेवर फेरिचेला २७८ ट्रेकर्स तपासले, तर निम्म्याहून जास्त जणांना उंचीचा त्रास होता, आणि पायी आलेल्यांपेक्षा लुकलापर्यंत विमानानं आलेल्यांत तो जास्त होता. दणकट माणसाचा धोका वेगळाच असतो. त्याचे पाय त्याच्या मूत्रपिंडांच्या पुढे निघून जातात.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, थकवा ही आजाराची पहिली पायरी. तिथं थांबायचं, आणखी वर झोपायचं नाही. चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, की मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचायला लागलं असं धरायचं आणि त्याच क्षणी खाली निघायचं, रात्र असली तरी. तोल तपासायची युक्ती साधी आहे. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावायचं. काका म्हणाले, "आमच्या लास्ट गाडीत निम्मे पॅसेंजर नापास झाले असते." खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय असणाऱ्यानं तो महिनाभर आधी सोडावा. नाहीतर डोकं उंचीनं दुखतंय की तलफेनं, हे गाईडलाही कळणार नाही.

ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट. कोरोनाच्या काळात आशाताई घरोघरी बोटाला तो चिमटा लावत फिरल्या तेव्हापासून ९४ हा आकडा आपल्या डोक्यात घट्ट बसला आहे. त्याच्या खाली गेलं की दवाखाना. गोरकशेपला धडधाकट माणसाचं रीडिंग ८० च्या आगेमागे असू शकतं. थंड बोटावर ते आणखी खोटं दाखवतं. वहिनींना हे दोनदा सांगून ठेवलंय, कारण त्यांना रोज सगळ्यांची बोटं तपासायची हौस आहे. आकड्यापेक्षा माणूस जेवला का, हसला का, हे बघावं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र ट्रेकच्या कुठल्याच पत्रकात नव्हती, ती सिस्टरनी काढली. "जायच्या आधी सगळ्यांची सिकलसेल तपासणी." विदर्भात हा आजार घराघरात दडलेला आहे. दोन्ही पालकांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडून आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो आणि त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. या दोषातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गमावला की एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. म्हणजे पेशी वाकायला जे लागतं, कमी ऑक्सिजन, कोरडं पडलेलं शरीर, थंडी, दमछाक, ते सगळं या ट्रेकवर एकाच ताटात वाढलेलं. एसएस असणाऱ्यानं या उंचीचा नाद करू नये. एएस असणारे पुष्कळ जण सुखरूप जाऊन येतात, पण त्यांच्यात उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डाव्या फासळ्यांखाली अचानक कळ, हे त्याचं लक्षण. आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते, पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीनं. जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे, तेव्हा तपासणीला सबब नाही.

आम्हा सहांपैकी पाच जण निर्दोष निघाले. सोळाशे मीटर पळणारा भाचा एएस.

तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग सिस्टर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बंदी घातली नाही, हमीही दिली नाही. पाणी भरपूर, धावपळ शून्य, डावीकडे दुखलं तर एक पाऊलही वर नाही. तो नामचेपर्यंत येणार, तिथल्या दोन रात्रींनंतर ठरवणार. त्याच्यासाठी खाली परतायला वेगळा गाईड लागेल, त्याचे पैसे आम्ही आत्ताच बाजूला काढले. गटात गाईड एकच असला की एकाच्या आजारपणात सगळे उतरतात, किंवा त्याहून वाईट, आजारी माणूस संकोचानं वर चढत राहतो.

लॉजबद्दल थोडं. खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती आणि दोन खाटा. खोली स्वस्त, कारण जेवण तिथंच घ्यायचं असा अलिखित करार. उंची वाढेल तसा ताटाचा भाव वाढतो, सगळं माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून आलेलं असतं ना. दाल-भात घ्यावा, परत वाढतात. मांस टाळावं. ते खालून अनेक दिवस पाठीवर आलेलं असतं. ऊब फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, मधोमध लोखंडी शेगडी आणि तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या. दिंगबोचेकडे त्या दगडी भिंतींवर थापून वाळवतात, अगदी आपल्या गावासारख्या. खोलीत मात्र काहीही पेटवू नये. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईड साचतो आणि तो हिमोग्लोबिनमधली ऑक्सिजनची जागाच बळकावतो. तिथं आधीच तुटवडा आहे.

सराव कसा करावा? चिखलदरा १,११८ मीटर, कळसूबाई १,६४६. महाराष्ट्रात मूत्रपिंडांचा सराव होईल अशी जागाच नाही. पायांचा होतो, आणि तो चढून नाही, उतरून. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याचे तंतू सूक्ष्म फाटतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा असं झालं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तोच उतार बिनबोभाट सोसतो. म्हणून आम्ही एसटीनं वर जातो आणि घाट पायी उतरतो. काकांना हे अजून पटलेलं नाही. तिकीट काढून पायी यायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गुन्हाच.

बाकी कामं किरकोळ. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६०. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर हे दोन शब्द शोधायचे. लुकलाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर, तीही उतरती, ढग आले की विमानं बंद. म्हणून शेवटी दोन दिवस मोकळे.

हे मोकळे दिवस, मुक्कामाच्या दोन जादा रात्री, सगळं कॅलेंडरवर मांडून मी जानेवारीत आतेभावाच्या बगिच्यात गेलो. झाडं ताणावर होती, पानं मलूल, जमीन भेगाळलेली. आंबिया बहारासाठी महिनाभर पाणी तोडतात आणि मग ताण सोडताना पहिलं पाणी हलकं देतात, पुढचं भरपूर. त्याने कॅलेंडर दोनदा वाचलं.

"म्हंजे हा ताणच झाला ना," तो म्हणाला. "मंग आधी काहून नाही सांगतलं? उगाच किडनी-किडनी करून रायला."

त्याने माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि नामचेच्या दुसऱ्या चौकोनात लिहिलं: हलकं पाणी.